चौदा कॉलमचा तक्ता आणि वीस टक्के

आझाद मैदानावरचे फोटो बघून शाळेतल्या पोरी विचारतात, मॅडम तुम्ही घोषणा पण देता का. खरं सांगायचं तर मला घोषणा जमतच नाहीत, तिसऱ्या घोषणेलाच घसा बसतो. आमच्या विनाअनुदानित शाळांच्या शिक्षकांच्या संघटनेत मी आले ते अक्षर चांगलं म्हणून. २०१४ ला तालुक्याच्या मीटिंगला गेले, कुणीतरी म्हणलं इतिवृत्त लिहायला एखाद्या मॅडमला बसवा, बसले, ती आजवर उठलेच नाही. आता मला तालुका सचिव म्हणतात, काम तेच, फक्त वही जाऊन एक्सेल आलं.

बाहेरच्या माणसाला आमचं प्रकरण पहिल्या फटक्यात कळत नाही, माझ्या सख्ख्या भावालाही कळायला दोन दिवाळ्या गेल्या. त्याचं म्हणणं, शिक्षक आहेस तर पगार असणारच ना. नसतो बाबा. २४ नोव्हेंबर २००१ ला सरकारनं धोरण आणलं की यापुढं नवीन शाळा मिळतील त्या ‘कायम विनाअनुदान’ तत्त्वावर, म्हणजे शाळा काढा पण पैसे कधीच मागू नका. संस्थांनी तसं लिहून दिलं आणि शाळा काढल्या, आमची २००३ ची. मी लागले जून २००७ ला, गणित विज्ञानाला. पहिलं वर्षभर एक रुपया नाही. दुसऱ्या वर्षापासून फी गोळा होईल तशी महिन्याला हजार पंधराशे, तेही पाकिटात नाही, हेडसर खिशातून काढून द्यायचे आणि सही मात्र पूर्ण पगाराच्या रजिस्टरवर घ्यायचे. आमच्यातले एक सर पहाटे दूध घालून मग शाळेत यायचे, त्यांच्या शर्टाला कायम दुधाचा वास, पोरं हसायची. एकजण सुट्टीत वडापची जीप चालवायचे. मी शिकवण्या घ्यायचे आणि सासूबाई गावात सांगायच्या, सुनेला सरकारी नोकरी आहे.

२० जुलै २००९ ला ‘कायम’ शब्द काढला. एकच शब्द गेला आणि आम्ही पेढे वाटले, पेढेसुद्धा उधारीवर आणलेले. तेव्हा सांगितलं होतं की पहिल्या वर्षी पगाराचं वीस टक्के अनुदान, मग चाळीस, साठ, ऐंशी, पाचव्या वर्षी शंभर. मी घरी येऊन वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला होता, शंभर टक्के झाले की मुलगा कितवीत असेल वगैरे. ती वही अजून आहे, मुलगा आता इंजिनिअरिंग करतोय.

मग आलं मूल्यांकन. १५ नोव्हेंबर २०११ च्या जीआरनं, म्हणजे शासन निर्णयानं, निकष आले, गुण देणार आणि त्यावरून शाळा पात्र की अपात्र ठरणार. तपासणीच्या आदल्या रात्री शेजारच्या गावातल्या अनुदानित शाळेतून मायक्रोस्कोप आणि दोन ट्रॉल्या भरून पुस्तकं आणली होती, ट्रॅक्टरनं, हे आता सांगायला हरकत नाही. फुकट राबणाऱ्या मास्तरांच्या शाळेत प्रयोगशाळा सुसज्ज पाहिजे ही अपेक्षाच मुळात गंमतीची होती. त्या फायली पुढं सरकायला वर्षं गेली, त्रुटी निघायच्या, त्रुटीपूर्तता करायची, परत त्रुटी. अखेर १९ सप्टेंबर २०१६ ला जीआर निघाला, पात्र शाळांना वीस टक्के. प्रत्येक शिक्षकाची वैयक्तिक मान्यता, पगाराच्या ऑनलाइन सिस्टीमचा शालार्थ आयडी हे सगळं होऊन पहिला पगार खात्यात पडायला २०१७ चा उन्हाळा उजाडला. सहा हजार आणि काहीतरी. मी एटीएममधून पाचशे काढले, उगाच, निघतात का बघायला.

इथं एक गोष्ट मध्येच सांगते. माझी मावसबहीण शिकागोत असते. ऑक्टोबर २०१९ मध्ये तिचा फोन, म्हणे पोरं घरीच आहेत, इथं मास्तर लोक संपावर गेलेत. अकरा दिवस शाळा बुडाल्या. संप मिटला तेव्हा मी मुद्दाम विचारलं की काय मिळालं, तर म्हणाली पाच वर्षांचा करार झाला, आणि त्यात पगारवाढ आहेच पण प्रत्येक शाळेला नर्स आणि सोशल वर्कर हेही आहे. मी विचारलं, लिहून दिलं? ती म्हणाली म्हणजे काय, करार आहे तो. मला तो शब्दच नवीन. त्यांची संघटना एका टेबलावर बसते, समोर कोण बसणार हे ठरलेलं असतं, शेवटी कागदावर दोघांच्या सह्या.

आमच्याकडं समोर कोण बसतं हेच ठरत नाही. नेमणूक करते संस्था. मान्यता देतात शिक्षणाधिकारी. अनुदान सरकारचं, तेही टक्क्यांत. सेवाशर्ती १९७७ च्या कायद्यात आणि १९८१ च्या नियमावलीत. संस्थेकडं गेलं की म्हणतात अनुदान येऊ द्या मग बघू, ऑफिसला गेलं की म्हणतात तुमची नेमणूक आम्ही केलीय का. करार बिरार काही नाही. आमच्या हातात काय पडतं तर बैठकीचं इतिवृत्त, आणि तेही मिळवायला चार चकरा. म्हणून आमचे जुने सर एक गोष्ट सारखी सांगायचे की मंत्री काय बोलले ते आपल्या वहीत लिहू नका, त्यांच्या इतिवृत्तात काय आलंय ते मागा. मला तेव्हा वाटायचं हा माणूस उगाच कटकट करतो.

आता तक्त्याचं. संघटनेचं काम म्हणजे मोर्चा असं लोकांना वाटतं पण मोर्चा वर्षातून दोन चारदा, बाकी सगळं वर्ष तक्ता. वरून एखादा आकडा मागितला जातो, किती शाळा, किती पदं, किती खर्च येईल, आणि तो आकडा ज्याच्याकडं तयार असतो त्याचं ऐकलं जातं, हे मला फार उशिरा कळलं. माझ्या तक्त्यात चौदा कॉलम आहेत. शाळेचं नाव, शाळेचा सरकारी यूडायस नंबर, मान्यतेचं वर्ष, अनुदानाच्या कुठल्या टप्प्यावर, शेवटची संचमान्यता, म्हणजे पटावरून पदं मंजूर झाल्याचा कागद, कुठल्या वर्षाची, मंजूर पदं किती, कार्यरत किती, वैयक्तिक मान्यता किती जणांना, शालार्थ आयडी किती जणांना, असं करत शेवटचा कॉलम शेरा. सगळ्यात जास्त माहिती शेऱ्यातच असते. ‘संस्थेत वाद’, ‘मान्यता आहे पण आवक जावक नंबर सापडत नाही’, ‘सर वारले’.

माहिती काढायची म्हणजे दात काढण्यासारखं काम आहे. हेडसर लोकांना वाटतं आपला आकडा बाहेर गेला की कुणीतरी तक्रार करणार. पट कमी असेल तर तो सांगतच नाहीत, कारण पटावर संचमान्यता, संचमान्यतेवर पदं आणि पदावर माणूस, शिवाय आता आधार जुळलेलीच पोरं धरतात, आधारमध्ये नावाची एक वेलांटी चुकली की पोरगं वर्गात बसलेलं असूनही पटावर नाही. एका शाळेत मी तीनदा गेले, तिसऱ्यांदा हेडसर म्हणाले, मॅडम आमच्याकडं तुमच्या संघटनेची वर्गणी भरलेला कुणी नाही. मी म्हणलं वर्गणी नको, संचमान्यतेची झेरॉक्स द्या. नाही दिली. हे सर लक्षात ठेवा, पुढं येतील.

फेब्रुवारी २०२३ पर्यंत आम्ही साठ टक्क्यांवर आलो होतो. त्याची पण गंमत आहे, डिसेंबर २०२२ मध्ये मंत्रिमंडळानं ११६० कोटींचा निर्णय घेतला, ३० जानेवारीला शिक्षक मतदारसंघांचं मतदान झालं आणि ६ फेब्रुवारीला जीआर. विधान परिषदेत शिक्षकांचे सात आमदार असतात, अंशतः अनुदानित शाळेतला मास्तर पण मतदार असतो, मत मात्र शंभर टक्के धरतात, त्यात टप्पा नाही.

खरा धडा मिळाला तो २०२४ ला. त्या पावसाळ्यात आझाद मैदानात लांबलचक आंदोलन झालं, आमच्या तालुक्यातून पाळीपाळीनं माणसं जायची, मी फक्त चार दिवस गेले, बाकी वेळ इकडून आकडे पुरवले. १० ऑक्टोबरला मंत्रिमंडळात निर्णय, १४ ला जीआर, पुढचा वीस टक्के टप्पा. आणि १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. एका दिवसानं वाचलो म्हणून ग्रुपवर फटाके, हार, नेत्यांचे फोटो, गुलाल. सगळं तालुका ऑफिस नाचत होतं आणि मी कोपऱ्यात मोबाईलवर जीआर परत परत वाचत होते. मला गणिताची खोड, उत्तर आलं तरी ताळा करते. टप्पा मंजूर आहे हे दिसत होतं, पण पैसे बाजूला काढून ठेवलेत हे कुठं दिसेना. मी अध्यक्ष सरांना म्हणलं सर, यात तरतूद कुठाय? ते म्हणाले मॅडम आज तरी नको ओ.

मी गप्प बसले. तिथं बोलायला पाहिजे होतं असं अजून वाटतं, पण सात आठ वर्षांनी माणसं नाचत होती, दूधवाले सर नाचत होते, कोण बोलणार.

तरतूद म्हणजे काय हे मलाही आधी माहीत नव्हतं, शिकावं लागलं. सरकारचा खर्च हेडवर चालतो, लेखाशीर्ष म्हणतात, शिक्षणाचं मुख्य शीर्ष २२०२. त्या हेडखाली बजेटमध्ये रक्कम ठेवली तर ती बीम्स नावाच्या सिस्टीमवर वरून खाली येते, संचालनालय, मग जिल्हा, मग पगाराची बिलं बघणारं वेतन पथक, मग कोषागार आणि मग आपल्या खात्यात. बजेट मार्चमध्ये. तेव्हा राहून गेलं तर पावसाळी नाहीतर हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या, त्यात आलं पाहिजे. त्यातही नाही आलं तर जीआर फ्रेम करून भिंतीवर लावा. हे मला एका वेतन पथकातल्या क्लार्कनं चहाच्या टपरीवर समजावून सांगितलं, रिटायर व्हायला आलेला माणूस, म्हणाला बाई, तुमची संघटना जीआरच्या मागं पळते, जीआर काढायला सही लागते, पैसा काढायला हेडमध्ये पैसा लागतो. मी त्याला दुसरा चहा पाजला आणि हे वहीत लिहून घेतलं.

त्यानंतर पुरवणी मागण्यांची पुस्तिका हे माझं वाचन झालं. पीडीएफ असते, शेकडो पानं, शालेय शिक्षण विभागाचा भाग काढायचा आणि एकेक ओळ बघायची. डिसेंबर २०२४, नागपूर, टप्प्याची ओळ नाही. मार्च २०२५ चं बजेट, नाही. आता ग्रुपवरचे लोक मला शिव्या द्यायला लागले, म्हणजे मीच पैसे अडवलेत अशा थाटात, रोज एक पीडीएफ टाकून निराश करता म्हणाले. एकानं तर लिहिलं की मॅडमना ग्रुपमधून काढा. काढलं नाही कारण तक्ता माझ्याकडं होता.

३० जून २०२५ ला मुंबईत पावसाळी अधिवेशन सुरू झालं. ५७ हजार ५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या. पुस्तिका आली तशी मी स्टाफरूममध्ये बसून वाचली, तास सातवीवर होता, पोरांना उदाहरणसंग्रह सोडवायला दिला. आमचा टप्पा नाहीच. मी ग्रुपवर फक्त एवढंच टाकलं, ‘नाही’. त्या दिवशी कुणी शिव्या दिल्या नाहीत. अर्ध्या तासानं अध्यक्ष सरांचा फोन आला, म्हणाले तुम्ही तेव्हा म्हणला होता.

मग मुंबई. ८ आणि ९ जुलैला शाळा बंद ठेवून सगळे मैदानात, असं वर ठरलं. शाळा बंद ठेवणं म्हणायला सोपं आहे. आमच्या हेडसरांना पत्र दिलं, पालकांच्या मीटिंगला उभं राहून सांगितलं. एक आजी उठली आणि म्हणाली, बाई तुला पगार नाही व्हय, मग आमची पोरगी कशी शिकली? मला काही उत्तर देता आलं नाही.

रात्रीच्या रेल्वेनं जनरल डब्यातून गेलो, दरवाजाजवळ पेपर टाकून. मुंबईत पाऊस म्हणजे पाऊस. मैदानात चिखल, वर ताडपत्री, ताडपत्रीत पाण्याचे फुगे, ते काठीनं खालून ढकलायचे की पलीकडच्या जिल्ह्यावर पाणी. बायकांचे हाल वेगळेच, बाथरूमला सीएसएमटी स्टेशन गाठायचं, तिथं रांग, म्हणून आम्ही पाणीच कमी प्यायचो. पण खरं सांगू, मजा पण यायची. विदर्भातल्या मॅडमच्या डब्यात शेवभाजी, कोकणातले सर भाकरी आणि सुकट घेऊन आलेले. सगळ्यांचा प्रश्न एकच, तुमचा टप्पा कितवा. नाव नंतर. वीसवाले, चाळीसवाले, साठवाले, जशी काही जातच.

मोठमोठे नेते येऊन गेले, शरद पवार आले तेव्हा सगळं मैदान उभं राहिलं. पण माझ्यासाठी खरं ते झालं रात्री, ताडपत्रीखाली. वाटाघाटी म्हणजे मंत्र्यांच्या केबिनमध्ये होतात असं आपल्याला वाटतं, त्याच्या आधी एक वाटाघाट आपल्या आपल्यात होते आणि ती जास्त वाईट असते. प्रश्न असा की शिष्टमंडळ आत गेल्यावर नेमकं काय धरून बसायचं. एक गट म्हणत होता, मागचं सगळं जोडून मागा, जीआर ऑक्टोबरचा आहे, आमचे महिने का सोडायचे. दुसरा म्हणत होता प्रचलित नियमानं थेट शंभर टक्के, त्याच्या खाली बोलायचंच नाही. तिसऱ्यांचं म्हणणं, जे आहे त्याला पैसे लावून घ्या, तारखेचं नंतर बघू. मी तिसऱ्यात. मला माहीत होतं हे ऐकायला पडखाऊ वाटतं, एका सरांनी तोंडावर म्हणलं, मॅडम तुमच्या मिस्टरांची शेती आहे म्हणून तुम्हाला जमतं सोडायला. लागलं मला ते. पण माझं म्हणणं होतं की मागच्या वेळी आपण कागद घेतला आणि पैसे विसरलो, यावेळी आधी आकडा, हेड आणि कधीपर्यंत एवढंच विचारा, बाकी भाषण नको. रात्री दोनपर्यंत चाललं. ठरलं असं की मागणीपत्रात तिन्ही लिहायच्या, पण तोंडी रेटायचं ते तरतुदीचं. हे काही फार थोर धोरण नव्हतं, झोप आली होती सगळ्यांना.

दुसऱ्या दिवशी राज्यभरातले आकडे जुळवताना एका जिल्ह्याची पदं दोनदा धरलेली निघाली. ती मी पकडली, माझ्या आयुष्यातली आंदोलनातली शूरवीर कामगिरी म्हणायची तर एवढीच. आत कुणी वाचला असता तो कागद तर पहिल्या पानावरच आपली पत गेली असती. मी काही आत गेले नाही, पास मोजकेच होते. बाहेर भिजत उभी होते, मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत. आतून मेसेज आला, आपल्या विभागात साठवर किती, लगेच सांगा. मी पिशवीसकटच टाईप केलं.

मंत्री मैदानात येऊन बोलले, निधी देतो म्हणाले, आंदोलन थांबलं. आणि मग परत ती वाट बघणं. यावेळी ग्रुपवर गुलाल नव्हता, सगळे एकच विचारत होते, मॅडम तरतूद? ऑगस्टच्या अखेरीस निधीसह जीआर निघाला. त्याच्यानंतर पुन्हा तालुक्याचं काम सुरू, कारण निधी आला तरी ज्याची कागदं पूर्ण त्यालाच पगार. बिलं लावा, त्रुटी काढा, शालार्थवर टक्केवारी बदलून घ्या.

त्या दिवसात एका रात्री साडेदहाला फोन आला. संचमान्यतेची झेरॉक्स न देणारे हेडसर. आवाज एकदम मऊ, म्हणाले मॅडम आमच्या शाळेचं नाव यादीत दिसत नाही हो. मला खूप काही बोलायचं होतं. मी म्हणलं झेरॉक्स पाठवा. दहा मिनिटात व्हॉट्सॲपवर आली, वाकडी, अर्धी अंधारात, बहुतेक घरातच काढलेली, म्हणजे ती इतकी वर्षं त्यांच्या घरीच होती.

दूधवाले सर आता सत्तावन्न वर्षांचे आहेत. अठ्ठावनला रिटायर. ऐंशी टक्क्यांवर जाणार, जुनी पेन्शन नाही, कारण १ नोव्हेंबर २००५ ची रेघ आणि आम्ही सगळे त्या रेघेच्या पलीकडं. परवा शाळेत म्हणाले, मॅडम तुमच्या त्या तक्त्यात निवृत्तीची तारीख आहे का? नव्हती. चौदा कॉलममध्ये सगळं होतं आणि हे नव्हतं. म्हणाले टाका की, किती जण शंभर टक्के न बघता जाणार ते तरी कळेल वरच्यांना.

टाकला, पंधरावा कॉलम. रविवारपासून फोन करतेय. तालुक्यातल्या चौदा शाळांची माहिती आलीय, नऊ जणांनी अजून फोन उचललेला नाही, आणि एक हेडसर विचारत होते की याचा उपयोग काय.